पंधरा वर्षांनी पुन्हा मोटरसायकल: आधी उजवा हात, मग किक

सायकल, पोहणं आणि मोटरसायकल एकदा आलं की विसरत नाही, असं म्हणतात. तोलापुरतं ते खरं आहे. दहा-पंधरा वर्षांनी गाडीवर बसलेला माणूस पन्नास मीटरमध्ये सरळ चालवायला लागतो, शंभर मीटरमध्ये तिसरा गिअर टाकतो, आणि तिथंच घोटाळा होतो. मधली वर्षं त्यानं बहुधा कारमध्ये काढलेली असतात. त्या वर्षांत उजवा पाय एकच धडा गिरवत बसलेला असतो: आडवं काही आलं की दाब. कारमध्ये त्या पायाखाली चारही चाकांचा ब्रेक असतो. मोटरसायकलवर त्याच पायाखाली नुसतं मागचं चाक असतं.

आकडे बघा. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरड्या, स्वच्छ डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी साधारण १० ते ११ मीटरमध्ये उभी राहते. नुसता मागचा दाबला तर १८ ते २० मीटर लागतात. ताशी ६० ला हेच अंतर साधारण २३ आणि ४२ मीटर होतं. समोरचं दिसून हात-पाय हलेपर्यंत जो एक सेकंद जातो तो यात धरलेलाच नाही; ४० ला तो ११ मीटर खातो, ६० ला जवळजवळ १७. सोलापुरात सात रस्त्याला समोरची रिक्षा हात न दाखवता थांबते तेव्हा एवढी जागा कुणाकडेच नसते.

ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढं सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक लावला तर ते लगेच जाम होऊन घसरतं, गाडीची शेपूट हलते. म्हणजे थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो, आणि तो उजव्या हाताच्या बोटांत असतो. तरी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगणं: ‘पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील.’ माणूस पुढच्या ब्रेकनं पडतो तो तीन वेळा: बोटं एकदम आवळली तर, हँडल वळलेलं असताना लावला तर, किंवा चाकाखाली वाळू-खडी असताना लावला तर. तिन्ही टाळता येतात. पुढचा ब्रेकच न वापरणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

बोटांना शिकवायचं ते इतकंच: आधी लिव्हरचा ढिलेपणा काढून ब्रेक जेमतेम लागू द्यायचा, अर्धा सेकंद, वजन पुढं येऊ द्यायचं, मग ओला टॉवेल पिळतो तसा जोर वाढवत न्यायचा. केबलचा ड्रम ब्रेक असेल तर चार बोटं, डिस्कला दोन पुरतात.

घरात पडून असलेली गाडी

बोळात ताडपत्रीखाली जुनी गाडी असते आणि पहिला मोह किक मारायचा होतो. मारू नका. आधी सीट काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांचं घर तिथंच सापडतं, आणि त्यांनी कुरतडलेल्या वायरीही. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा. कुंभारमाशी आत मातीची गोळी करून गेलेली असते.

मग पेट्रोल. वर्षानुवर्षं पडलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो. टाकी पूर्ण रिकामी करा, आत टॉर्च मारून गंज बघा. कार्ब्युरेटरच्या वाटीला खाली एक ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून तिथलंही काढा. एवढ्यानं भागतं असं क्वचितच होतं, कारण पेट्रोल वाळून उरलेला चिकट थर पायलट जेटच्या (मंद वेगाला पेट्रोल सोडणारी छोटी नळी) सुईएवढ्या भोकात बसलेला असतो. त्याची खूण ठरलेली: चोकवर गाडी सुरू होते, चोक बंद केला की मरते. जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेनं फुंका. तारेनं कोरलं तर भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पीत राहते.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी जुन्या गाडीच्या रबराला ते कळत नाही. पेट्रोलचा पाइप, वाटीची ओ-रिंग, कॉकमधला वॉशर हे सगळं नवीन टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

इंजिनाला हात लावताना स्पार्क प्लग काढा आणि त्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं, म्हणजे साधारण ५ मिली, इंजिन ऑइल आत सोडा. रात्रभर तसंच राहू द्या. वाळलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासल्या तर भिंतीवर ओरखडे पडतात, त्यासाठी हा खटाटोप. सकाळी प्लगशिवायच हातानं किंवा पायानं हळूहळू दहा-पंधरा किका. किक जाम लागली तर जोर करू नका, गाडी तशीच मिस्त्रीकडं ढकलत न्या. मोकळी फिरली तर जुनं ऑइल काढून नवीन भरा. शंभर सीसीच्या गाडीला ते लिटरच्या आसपास लागतं, पण ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलीच घ्या आणि डब्यावर ‘जासो एमए’ ही मोटरसायकलच्या तेलाची खूण बघूनच घ्या. कारचं ऑइल चालत नाही, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो सटकायला लागतो. हे पहिलं ऑइल ३०० ते ५०० किलोमीटरला पुन्हा बदला, आतली घाण त्यात आलेली असते.

क्लच प्लेट एकमेकींना चिकटलेल्या असणं हेही नेहमीचं. क्लच पूर्ण दाबूनही गाडी गिअरमध्ये ढकलली जात नाही, मागचं चाक अडतं. इंजिन बंद ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी पुढं-मागं हलवत राहा; बऱ्याचदा टक्‌कन सुटतात. हे न बघता इंजिन चालू करून पहिला गिअर टाकलात तर गाडी थेट समोरच्या भिंतीवर जाते.

बॅटरी वाचवायच्या नादाला लागू नका. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली येत असेल तर नवीन घ्या, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर नवीन बॅटरीही महिन्यात बसेल.

टायर मात्र नीट बघा. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात: ३५१७ म्हणजे २०१७ सालचा ३५ वा आठवडा. सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असतानाच कडक होतं. नखानं दाबून बघा, बाजूला बारीक भेगा आहेत का बघा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी बदला. ‘एवढी नक्षी आहे की मालक अजून’ असं कुणीतरी म्हणणारच. पहिल्या पावसात तीच नक्षी काचेसारखी घसरते.

गॅरेजमध्ये कामाचा क्रम नेमका उलटा लागतो. आधी इंजिन, ‘एका किकमध्ये झाली बघा’ म्हटल्यावर सगळे खूश, आणि ब्रेक ‘वरवर बघून दिलाय’. तुम्ही सांगून क्रम बदलून घ्या: ब्रेक, टायर, हँडल, चेन, शेवटी इंजिन. ड्रम ब्रेक असेल तर चाक उघडून लायनरवरची चकाकी पॉलिश पेपरनं घासा, कॅम बाहेर काढून साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या. कॅम गंजला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. डिस्क असेल तर ब्रेक ऑइलचा रंग बघा. चहासारखं झालं असेल तर पूर्ण बदला. त्यानं पाणी शोषलेलं असतं आणि गरम झाल्यावर लिव्हर स्पंजासारखा दबतो. हँडलचा कोनसेट, म्हणजे त्याचं बेअरिंग, बघायला गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडत असेल तर कोनसेट गेला. चेन रॉकेलनं धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल लावा आणि मधोमध २० ते ३० मिलीमीटर हलेल एवढीच ढिली ठेवा.

नवी घेणार असाल तर

पंधरा वर्षांनी परतणारा माणूस शोरूममध्ये तरुणपणी परवडली नव्हती ती गाडी बघतो. साडेतीनशे सीसीची नवी बुलेट किंवा क्लासिक १९५ किलोच्या आसपास भरते. शंभर सीसीची साधी गाडी ११०-११५ किलो. फरक चालवताना जाणवत नाही, अपार्टमेंटच्या पार्किंगच्या उतारावरून गाडी उलटी ओढताना जाणवतो. पैसे देण्याआधी तेवढं करून बघा: इंजिन बंद, उतारावर, एकट्यानं गाडी मागं घ्या आणि डबल स्टँड असेल तर त्यावर लावा. पहिल्या वर्षासाठी हलकी गाडी घ्यावी, या मताचे आम्ही आहोत. मोठी नंतर घेता येते.

मधल्या काळात गाड्याही बदलल्या. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस (जोडब्रेक). सीबीएसमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. ‘थोडा’ हा शब्द विसरू नका. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली धडधडतो. घाबरून सोडू नका, दाबूनच ठेवायचा असतो. प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या बहुतेक बीएस-६ गाड्यांना चोक नाही, रिझर्व्हचा कॉक नाही, बऱ्याच जणींना किकही नाही. साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. हे माहीत नसलेली मंडळी सिग्नलवर स्टार्टर दाबत बसतात.

आणि गिअर. जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत चारही गिअर पुढं दाबूनच पडायचे. आताच्या अनेक गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. जुना पाय वरचा गिअर म्हणून पुढं दाबतो आणि ताशी ४० ला गाडी पहिल्या-दुसऱ्यात येऊन मागचं चाक ओरडतं. जुन्या बुलेटवाल्यांचं तर सगळंच उलटं: त्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. असा माणूस घाईत नव्या गाडीवर ब्रेक म्हणून गिअर दाबतो. त्याला दोन दिवस जास्तच द्यावे लागतात.

कागदपत्रं, थोडक्यात

परवान्याची मुदत संपून एक वर्षाच्या वर गेलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीपुढच्यांना डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो. परवान्यावर ‘विथ गिअर’ आहे का, हेही वाचा. स्कूटरपुरता काढलेला असेल तर तो इथं चालत नाही. गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि उशिराला महिन्याला ३०० रुपये दंड चढत जातो. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या एमएच-१३ ला (सोलापूरच्या गाडीला) नवी सुरक्षा नंबर प्लेट हवी. विमा आणि पीयूसी नसताना ‘कोपऱ्यापर्यंतच’ म्हणूनही गाडी काढू नका.

माळ्यावरचं जुनं हेल्मेट टाकून द्या. आतला थर्माकोलसारखा थर पाच-सहा वर्षांत कामातून जातो. नवीन घेताना आयएसआय खूण बघा, पट्टा लावून मागून वर ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर मोठं आहे. उन्हाळ्यात घाम टिपायला आत कापड घ्यायचं तर पातळ सुती रुमाल घ्या. आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळून वर हेल्मेट बसवलं की ते डोक्यावर नाही, टॉवेलवर बसतं. काचेवर ओरखडे असतील तर रात्री समोरच्या दिव्याच्या चांदण्या होतात, आणि चाळिशीपुढच्या डोळ्याला त्या आणखी मोठ्या दिसतात. चष्म्याचा नंबर तपासूनच मग रात्री गाडी काढावी.

मैदान

जुळे सोलापूरच्या पुढं किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये डांबरी रस्ते झालेत पण घरं झालेली नाहीत, अशा जागा सापडतात. सकाळी सहा ते आठ. आधी झाडून घ्या, खरंच. कारण बांधकामाची वाळू सगळीकडं असते.

पहिला अर्धा तास क्लचचा. पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, क्लच सोडत नेऊन गाडी ओढायला लागते तो बिंदू पकडा आणि परत दाबा. वीस-पंचवीस वेळा. मग चालण्याच्या वेगानं सरळ, पाय पायदानावर. तोल जायला लागला की नवखा पुढचा ब्रेक दाबतो आणि पडतो. अशा मंद वेगात मागचा ब्रेक हलका धरून हाफ क्लचवर गाडी चालवायची. नंतर आठचा आकडा. नजर चाकाकडं गेली की पाय टेकतो, पुढच्या वळणाकडं राहिली की टेकत नाही.

मग ब्रेक. रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवा. ताशी २० नं या, वीट पुढच्या चाकाशी आली की दोन्ही ब्रेक, क्लच दाबून, पहिल्या गिअरवर उतरत थांबा. कुठं थांबलात तिथं दुसरी वीट. दहा वेळा झालं की ३०, मग ४०. अंतर पावलांनी मोजा. तुमचं पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरा. ४० ला वीस पावलांच्या वर जात असेल तर बोटं अजून कामाला लागलेली नाहीत, पायच सगळं करतोय. चौदा-पंधरा पावलांत थांबायला लागलात की जमलं. पुढचं चाक किंचित जाम झालं तर बोटं सोडून लगेच पुन्हा दाबा. मागचं चाक जाम होऊन बाजूला गेलं असेल तर मात्र पेडल झटकन सोडू नका; चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी विरुद्ध बाजूला फेकते. सरळ थांबेपर्यंत धरून ठेवा.

शेवटी अडथळा चुकवणं. ताशी ३० च्या पुढं गाडी हँडल फिरवून वळत नाही, झुकून वळते. आणि झुकवायचं तर ज्या बाजूला जायचं त्या बाजूची मूठ पुढं ढकलायची. डावीकडं जायचं तर डावी मूठ पुढं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण तरुणपणी तुम्ही नकळत हेच करत होता. चुकवताना ब्रेक नको. आधी ब्रेक किंवा आधी वळण, दोन्ही एकदम केलं की पुढचं चाक सुटतं.

असे चार-पाच दिवस द्या. मनगट, मान आणि मांडीच्या आतला स्नायू दुसऱ्या दिवशी बोलतो. तासाभराच्या वर सराव करू नका, थकलेला हात जुनंच करतो.

गाव आणि गावाबाहेर

पहिली फेरी रविवारी सकाळी. पार्क चौक, सात रस्ता, विजापूर रस्त्यानं संभाजी तलावापर्यंत आणि परत. नवी पेठेत संध्याकाळी जायचं काम पहिल्या महिन्यात काढू नका. पुढच्या रिक्षाकडं बघत चला. प्रवाशानं हात केला की आधी ती डावीकडं सरकते, दिवा नंतर. दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर नुसती टेकवून ठेवली की हात हलेपर्यंतचा तो एक सेकंद थोडा कमी होतो.

बाहेर पडायला अक्कलकोट रस्ता बरा. साधारण ४० किलोमीटर, सपाट. गुरुवारी नको, स्वामींच्या दर्शनाची गर्दी असते. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणून सकाळी थोडं उशिरा निघून दुपारी बाराच्या आत परत या. मार्चनंतर मात्र नऊच्या आत घरी. चाळिशीपार तापमानात हेल्मेटमध्ये डोकं उकळतं आणि निर्णय मंदावतात.

गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधार पडल्यावर हायवेला जाऊच नका असं आमचं सांगणं. एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. तुमच्या हेडलाइटमध्ये ती ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर आल्यावर दिसते, आणि ६० ला लागणारं अंतर वर लिहिलंच आहे. दिवसाही ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर उसाचे तुकडे पडलेले असतात. त्यावर चाक आलं तर ब्रेक नको, रेस नको, हँडल सरळ.

पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती डांबरावर सोडत जातो. ती ओली झाली की साबण. लांबून काळपट पट्टा दिसला की तो यायच्या आधीच वेग कमी करा, पट्ट्यावर काहीही करू नका. पहिल्या पावसाची पहिली वीस-तीस मिनिटं तर चहाच्या टपरीवर काढावीत. उन्हाळाभराचं तेल आणि धूळ वर आलेली असते.

हे सगळं पचल्यावर तुळजापूर. साधारण ४५ किलोमीटर आणि शेवटी घाट. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. कोजागरीच्या सुमारास तर हा रस्ता सोलापूरहून चालत निघालेल्या भाविकांचा असतो. घाट चढताना काही कळत नाही, परीक्षा उतरताना. वरूनच तिसरा, वळणं आवळलेली असतील तर दुसरा गिअर घ्या आणि इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक सतत घासत उतरलात तर ड्रम तापतो आणि खाली पोचेपर्यंत लिव्हर दाबूनही गाडी रेंगाळते. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात फक्त नजर. घरी आल्यावर गाडी थंड झाली की चेन पुन्हा मोजा, मागच्या एक्सलचा नट आणि हँडलचे बोल्ट पान्यानं तपासा. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे नट-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच ढिले होतात.